पीएलजीए मायक्रोस्फिअर: पहिल्याच दिवशी निम्मं बीएसए बाहेर, उरलेलं आतच अडकलंय. कुठं चुकतंय?

हरिपूर_रोड, सांगली

नमस्कार मंडळी,

एम. फार्मच्या प्रोजेक्टसाठी पीएलजीएचे (शरीरात हळूहळू तुटणाऱ्या पॉलिमरचे) मायक्रोस्फिअर, म्हणजे सूक्ष्म गोल कण करतेय. प्रोटीन साधारण २८ दिवस सावकाश बाहेर पडावं, एवढं उद्दिष्ट आहे. मॉडेल म्हणून बीएसए (गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रोटीन) घेतलंय. पद्धत नेहमीचीच: पाणी-तेल-पाणी असं दुहेरी इमल्शन, मग सॉल्व्हंट उडवून कण घट्ट करायचे. बॅच अशी आहे.

आतलं पाणी: बीएसए २० मिग्रॅ, पीबीएस (फॉस्फेटचं खारट बफर) ०.५ मिली.
तेल: रेझोमर आरजी ५०२ एच (पीएलजीएचा एक प्रकार) २०० मिग्रॅ, डीसीएम (डायक्लोरोमीथेन, सॉल्व्हंट) २ मिली.
पहिलं इमल्शन: प्रोब सोनिकेटर, सलग ६० सेकंद, बर्फ नाही.
बाहेरचं पाणी: १ टक्का पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, थेंब वेगळे ठेवणारं) ५० मिली, होमोजिनायझर १२,००० आरपीएमला २ मिनिटं.
घट्ट करणं: हॉट प्लेटच्या स्टररवर ४० अंशाला ४ तास, डीसीएम लवकर उडावं म्हणून.
नंतर सेंट्रिफ्यूज, पाण्याने ३ वेळा धुणं, फ्रीज ड्राय.

हाती १५० मिग्रॅ कण आले. सुपरनेटंट (सेंट्रिफ्यूजनंतर वर राहिलेलं पाणी) आणि धुतलेलं पाणी मिळून ७.६ मिग्रॅ बीएसए सापडलं. म्हणजे २० पैकी १२.४ आत गेलं, ६२ टक्के. १५० मिग्रॅमध्ये १२.४ म्हणून लोडिंग (कणांच्या वजनात प्रोटीन किती) ८.३ टक्के धरलं.

रिलीजसाठी २० मिग्रॅ कण १ मिली पीबीएसमध्ये, ३७ अंश, शेकरवर. दर वेळी ०.५ मिली काढते आणि तेवढंच ताजं घालते. २४ तासांत ५४ टक्के बाहेर, १४ दिवसांत ६३, ३५ व्या दिवशी ६६. त्यापुढं रेघ सपाट. एसईएमखाली (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली) कणांवर भोकं दिसतात, काही कण चेपलेले आहेत. आकार २ ते ४० मायक्रॉन, मधला ९ च्या आसपास.

बर्स्ट, म्हणजे पहिल्या दिवसाचा हा लोंढा, कमी कसा करू? आणि राहिलेलं ३४ टक्के बाहेर का येत नाही? पॉलिमर महाग आहे, त्यामुळं अंदाजाने बॅचेस वाया घालवता येत नाहीत.

कुपवाड_पॉलिमर

तपशील नीट दिलात, त्यामुळं बोट ठेवून सांगता येतंय. बर्स्टचं आधी बघू. तुमच्या कृतीत त्याला पाच वाटा आहेत आणि सगळ्यात मोठी वाट म्हणजे आतल्या पाण्यातलं पीबीएस.

पीबीएसची ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या पदार्थांची पाणी ओढायची ताकद) २८० ते ३०० मिलिऑस्मोल. तुमच्या बाहेरच्या पाण्यात फक्त १ टक्का पीव्हीए आहे. पीव्हीएचा रेणू मोठा, त्यामुळं त्याची ऑस्मोलॅलिटी १ मिलिऑस्मोलसुद्धा भरत नाही. मधला डीसीएमचा थर पातळ आणि अजून ओला. मग बाहेरचं पाणी आत ओढलं जाणारच. आतले थेंब फुगतात, एकमेकांत मिसळतात, भिंत फोडून बाहेर उघडतात. एसईएमखाली दिसणारी भोकं ती हीच. प्रोटीन त्याच वाटेने बाहेरच्या पाण्यात जातं आणि उरलेलं पहिल्या दिवशी निसटतं.

उपाय स्वस्तातला आहे. बीएसए साध्या डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा, फार तर ५ ते १० मिलिमोलर बफरमध्ये. आणि मीठ बाहेर घाला: पीव्हीएच्या द्रावणात ०.९ ते २ टक्के सोडियम क्लोराइड. आता ओढ उलटी होते, पाणी बाहेर जातं आणि भिंत दाट बसते. पण हात सैल सोडू नका. मीठ जास्त झालं की आतलं पाणी इतक्या जोरात निघतं की कण तासगावच्या बेदाण्यासारखे सुरकुततात. १ टक्क्याने सुरुवात करा.

दुसरी वाट, पॉलिमर पातळ आहे. ५०२ एचचा रेणुभार ७ ते १७ हजार आणि द्रावण फक्त १० टक्के. एवढ्या पातळ तेलात आतले थेंब स्थिर राहत नाहीत. आरजी ५०३ एच घ्या, रेणुभार २४ ते ३८ हजार, आणि २०० मिग्रॅ १ मिली डीसीएममध्ये विरघळवा. पुरेसा वेळ द्या, गुठळी राहिली तर पहिलं इमल्शनच बिघडतं.

तिसरी, आतलं पाणी फार. २ मिलीला ०.५ मिली म्हणजे १:४. ते १:१० वर आणा: १ मिली तेलाला ०.१ मिली पाणी. बीएसए २० ऐवजी १० मिग्रॅ घ्या. ०.१ मिलीत ते सहज विरघळतं, फक्त फेस न करता, हलक्या हाताने. सैद्धांतिक लोडिंग ४.८ टक्के होईल आणि मॉडेलच्या अभ्यासाला तेवढं भरपूर झालं. लोडिंग वाढवलं की बर्स्ट वाढतो, हा व्यवहार ठरलेलाच.

चौथी, आकार. १२,००० आरपीएम हा दुसऱ्या इमल्शनसाठी अतिरेक आहे. व्यास निम्मा झाला की दर ग्रॅमचं पृष्ठफळ दुप्पट होतं आणि पृष्ठभागाजवळचं प्रोटीन पहिल्या दिवशी जातं. ३,००० ते ५,००० आरपीएमला १ मिनिट पुरे, २० ते ५० मायक्रॉन मिळायला हवेत. १० मायक्रॉनखालचे कण मॅक्रोफेज गिळतात, म्हणून पुढं प्राण्यांवर जायचं असेल तर ते तसेही नकोत. २५ आणि ९० मायक्रॉनच्या चाळण्या, म्हणजे एएसटीएमच्या ५०० आणि १७० मेश, कण ओले असतानाच वापरा. सुके कण स्थिर विजेने जाळीला चिकटतात.

पाचवी वाट डीसीएमची. पाण्यात डीसीएम लिटरला साधारण १५ ते २० ग्रॅमच विरघळतं. तुमच्या ५० मिलीत फार तर १ ग्रॅम मावणार आणि तुम्ही घातलंय २ मिली, म्हणजे २.६६ ग्रॅम. बाकीचं उडेपर्यंत कण मऊच राहतात आणि तोवर प्रोटीन गळत राहतं. म्हणून दोन टप्प्यांत करा. पहिलं इमल्शन ४ मिली २ टक्के पीव्हीएमध्ये, तेवढंच मीठ घालून, होमोजिनाइज करा. लगेच ते १०० मिली ०.३ टक्के पीव्हीए अधिक मिठाच्या द्रावणात ओता आणि मध्यम वेगाने ढवळत ठेवा. १ मिली डीसीएम एवढ्या पाण्यात पूर्ण मावतं, कवच मिनिटांत धरतं. मग ३ तास उघड्या भांड्यात, फ्यूम हूडखाली.

पहिलं इमल्शन ठीक झालंय की नाही ते ओळखायची सोपी खूण: थोडं काचेच्या नळीत १० मिनिटं ठेवा. डीसीएमची घनता १.३३, त्यामुळं फुटलं तर पाणी वर थर करून येतं. थर दिसला तर पुढं जाऊ नका. पॉलिमर आणि दिवस दोन्ही वाचतात.

सोनिकेशन बर्फात, १०-१० सेकंदांचे दोन झटके, मध्ये ३० सेकंद थांबून. ३ मिमीची प्रोब, अरुंद काचेची नळी, प्रोबचं टोक द्रवाच्या मध्यावर. टोक वर आलं की हवा आत ओढली जाते, फेस होतो आणि हवा-पाण्याच्या सीमेवर प्रोटीन उलगडतं.

मिरज_क्यूसी

तापमानाबद्दल दोन शब्द. डीसीएमचा उत्कलनबिंदू ३९.६ अंश, तोही समुद्रसपाटीला. सांगली साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, म्हणजे इथं ते ३८ च्या आसपासच उकळतं. साताऱ्यात आणखी थोडं आधी. तुम्ही ४० अंशाला ठेवताय म्हणजे मऊ कणाच्या आत डीसीएम अक्षरशः उकळतंय. चेपलेले कण आणि मोठी भोकं यांत त्याचाही हात असणार. २० ते २५ अंशाला ठेवा. एप्रिल-मेमध्ये एसी नसलेल्या खोलीत ही बॅच करूच नका. भांडं पाण्याच्या टबात ठेवा, टबात बर्फाचे तुकडे टाकून २२ वर आणा.

डीसीएमसाठी पॉलिस्टायरीन आणि पॉलिकार्बोनेटच्या नळ्या वापरू नका, विरघळतात आणि तुमच्या पॉलिमरमध्ये मिसळतात. काच किंवा पॉलिप्रॉपिलीन. सिरिंजचा रबरी दट्ट्या फुगतो, काचेची सिरिंज घ्या. साधे नायट्राइल हातमोजे डीसीएम काही मिनिटांत पार करतं, अंगावर सांडलं तर लगेच बदला. उरलेलं डीसीएम बेसिनमध्ये नाही, क्लोरीनयुक्त कचऱ्याच्या वेगळ्या बाटलीत.

पॉलिमरची बाटली फ्रीझरमधून काढली की खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका. पावसाळ्यात तर अजिबात नाही. आत दव धरतं आणि एच मालिकेतलं पॉलिमर, ज्याच्या टोकाला मोकळं आम्ल आहे, ते ओलाव्याने बाटलीतच तुटायला लागतं. १ ग्रॅमच्या बाटलीतून २००-२०० मिग्रॅचे भाग एकदाच कोरड्या हवेत भरून ठेवणं उत्तम.

अजिंक्यतारा, सातारा

कुपवाडकरांनी बर्स्टचं नेमकं सांगितलंय. मी अडकलेल्या ३४ टक्क्यांबद्दल लिहितो, कारण ते ३४ टक्के मला खरे वाटत नाहीत. तुमचा भाजक चुकलाय.

२०० मिग्रॅ पॉलिमर आणि २० मिग्रॅ बीएसए घेतलंत, ७.६ मिग्रॅ बीएसए पाण्यात गेलं. म्हणजे कणांचं एकूण वजन २१२.४ मिग्रॅ व्हायला हवं होतं. हाती आले १५०. बाकीचे ६२ मिग्रॅ कण कुठं गेले? भांड्याला चिकटले आणि बारीक कण धुण्याच्या पाण्याबरोबर ओतले गेले. त्या कणांतही प्रोटीन होतंच की! तुम्ही मात्र सगळं १२.४ मिग्रॅ हातातल्या १५० मध्ये कोंबलंत, म्हणून लोडिंग ८.३ आलं. १२.४ भागिले २१२.४ केलं तर ५.८ टक्के येतं.

आता रिलीज पुन्हा मोजा. ८.३ टक्क्यांनी २० मिग्रॅमध्ये १.६५ मिग्रॅ बीएसए, त्याचे ६६ टक्के म्हणजे १.०९ मिग्रॅ बाहेर आलं. ५.८ टक्क्यांनी २० मिग्रॅमध्ये मुळात १.१७ मिग्रॅच आहे. १.०९ भागिले १.१७ म्हणजे ९३ टक्के. तुमचं प्रोटीन अडकलेलं नाही, जवळजवळ सगळं येऊन गेलंय. पण त्याच हिशेबाने पहिल्या दिवसाचा बर्स्ट ५४ नसून ७६ टक्के आहे.

हे कागदावरचं झालं. लोडिंग थेट कणांतून मोजा, सुपरनेटंटच्या वजाबाकीवर कधीच विसंबू नका. कृती: १० मिग्रॅ सुके कण, १ मिली डीसीएम, पॉलिप्रॉपिलीनची नळी, पॉलिमर विरघळेपर्यंत हलवा. बीएसए डीसीएममध्ये विरघळत नाही, तळाशी बसतं. सेंट्रिफ्यूज करून डीसीएम काढा, पुन्हा दोनदा तसंच, नाहीतर उरलेलं पॉलिमर पाण्यात पांढरं होऊन वाचन बिघडवतं. डीसीएम उडवा, गाळ १ मिली पीबीएसमध्ये घ्या, मायक्रो बीसीएने (प्रोटीन मोजायची रंग-चाचणी) मोजा. शेजारी ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड अधिक ०.५ टक्के एसडीएसमध्ये (एक डिटर्जंट) कण रात्रभर विरघळवून दुसरी मोजणी करा. दोन आकडे जुळले तर विश्वास ठेवायचा. ब्लँक म्हणून प्रोटीन नसलेले, पण बाकी सगळं तेच असलेले कण हवेत. साधं बफर चालणार नाही, पीव्हीए आणि पॉलिमरचे तुकडे थोडा रंग देतात.

रिलीजच्या मांडणीतही तीन दोष आहेत. अर्धंच माध्यम बदलल्यामुळं लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्ल साचत जातं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्या १ मिलीचा पीएच मोजा, ७.४ नक्की नसेल. बीएसएचा समविद्युत बिंदू (ज्या पीएचला त्याचा एकूण भार शून्य होतो) ४.७, त्या बाजूला सरकलात की ते विरघळायचं थांबतं. प्रत्येक वेळी कण खाली बसवून पूर्ण माध्यम बदला. दुसरं, ३५ दिवस ३७ अंशाला प्रोटीनचं पाणी ठेवायचं तर ०.०२ टक्के सोडियम अझाइड हवं, नाहीतर जंतू तुमचं बीएसए खातात आणि ते न सुटल्यासारखं दिसतं. अझाइड विषारी आहे, आम्लात टाकू नका. आणि पुढं एचआरपी या एन्झाइमवर चालणारी एलायझा चाचणी करणार असाल तर अझाइड त्या एन्झाइमलाच मारतं, हे लक्षात असू द्या. तिसरं, ०.०२ टक्के ट्वीन २० (सौम्य डिटर्जंट) घाला, प्रोटीन नळीच्या भिंतीला चिकटत नाही. मात्र ट्वीन असलेल्या नमुन्यावर ब्रॅडफर्ड (प्रोटीनची दुसरी रंग-चाचणी) चालणार नाही, बीसीएच करा.

बर्स्ट आटोक्यात आला की खरं अडकणं तेव्हा दिसेल, असा माझा अंदाज आहे. सध्या प्रोटीन आत राहतच नाहीये, मग आत त्याचं काय होतं हे कळणार कुठून?

हरिपूर_रोड, सांगली

थेट मोजलं. डीसीएमच्या पद्धतीने लोडिंग ६.१ टक्के, सोडियम हायड्रॉक्साइडने ६.३. म्हणजे २० मिग्रॅमध्ये १.२२ मिग्रॅ, ३५ दिवसांत ८९ टक्के बाहेर. खरी एन्कॅप्स्युलेशन एफिशियन्सी (घातलेल्यापैकी हातातल्या कणांत किती) ४६ टक्के. गाइडसरांना दाखवलं, प्रकरण तीन पुन्हा लिहायला घेतलंय. जुन्या माध्यमाचा पीएच ५.१ निघाला.

नवी बॅच कुपवाडकरांच्या कृतीने लावतेय. एक विचारायचं होतं: डीसीएमऐवजी इथाइल अॅसिटेट घेऊ का? आणि फ्रीज ड्रायरमध्ये काही काळजी?

कुपवाड_पॉलिमर

इथाइल अॅसिटेट विषारीपणाच्या दृष्टीने चांगलं. आयसीएचच्या (औषधांच्या आंतरराष्ट्रीय नियमांच्या) मर्यादेत डीसीएमला ६०० पीपीएम, इथाइल अॅसिटेटला ५,०००. पण ते पाण्यात ८ टक्क्यांच्या आसपास विरघळतं. बाहेरचं पाणी आधी त्यानेच संपृक्त केलं नाही तर थेंब पडताक्षणी कवच धरतं आणि कणांऐवजी तंतू आणि पोकळ कवचं मिळतात. एका वेळी एकच गोष्ट बदला. आत्ता डीसीएमच ठेवा.

फ्रीज ड्राय करताना: कोरड्या ५०:५० पीएलजीएचं काचसंक्रमण तापमान (ज्यावर ते कडकाचं मऊ होतं) ४५ ते ५० अंश, पण ओल्या कणांचं ते ३० च्या आसपास घसरतं. उणे ४० किंवा त्याखाली नीट गोठवा, पहिलं सुकवणं २४ तास उणे २० ते उणे ३० ला, मग हळूहळू वर आणून शेवटी २० अंश. घाईने ३५ ला नेलंत तर कण एकमेकांना चिकटून ढेप होते. सुकताना आतलं पाणी पृष्ठभागाकडं येतं आणि सोबत प्रोटीनही आणतं, म्हणून गोठवण्यापूर्वी जास्तीचं पाणी शोषून घ्या. वीज जाणाऱ्या भागात व्हॅक्यूम तुटला की गोठलेलं वितळतं. तशी बॅच पुन्हा गोठवून वापरू नका, तिचा बर्स्ट वेगळाच येतो.

धुतल्यावर मीठ पूर्ण गेलंय का, ते शेवटच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून बघा. ढग आला की आणखी एकदा धुवा.

हरिपूर_रोड, सांगली

चार आठवड्यांनी लिहितेय. नवी बॅच: ५०३ एच २०० मिग्रॅ, १ मिली डीसीएम, बीएसए १० मिग्रॅ ०.१ मिली पाण्यात, मीठ १ टक्का, ४,००० आरपीएम, २२ अंश. थेट लोडिंग ४.१ टक्के. आकार १५ ते ६०, मधला ३१ मायक्रॉन. एसईएमखाली गुळगुळीत गोल, भोकं तुरळक.

पहिल्या दिवसाचा बर्स्ट १८ टक्के. पण अजिंक्यतारांचं खरं झालं: २१ व्या दिवशी एकूण ३१ टक्केच बाहेर, वेग मंद. माध्यम दर वेळी पूर्ण बदलतेय, पीएच ७.२ च्या खाली गेला नाही.

अजिंक्यतारा, सातारा

१८ टक्के म्हणजे मोठी मजल आहे, अभिनंदन. आता आत उरलेल्या ६९ टक्क्यांना तीन प्रश्न विचारायचे. २१ दिवसांचे कण काढा, धुवा, सुकवा, डीसीएमने पॉलिमर काढून टाका आणि राहिलेलं प्रोटीन पायरीपायरीने विरघळवा. प्रत्येक पायरी ३७ अंशाला ३० मिनिटं.

पहिल्यांदा नुसतं पीबीएस. जे विरघळलं ते चांगलं आहे, फक्त वाट बंद होती म्हणून थांबलंय. मग न विरघळलेल्या गाळावर ६ मोलर युरिया. यात जे आलं ते गुठळी होऊन बसलेलं, पण रासायनिक बंध नसलेलं. शेवटी युरियात १० मिलिमोलर डीटीटी (डायसल्फाइड बंध तोडणारं रसायन). यात जे आलं ते डायसल्फाइड बंधांनी एकमेकांत गुंतलेलं. डीटीटी बीसीएचा रंग बिघडवतं, म्हणून या दोन पायऱ्या ब्रॅडफर्डने, नमुना पातळ करून आणि स्टँडर्डही त्याच द्रावणात बनवून.

युरियावाला वाटा मोठा निघाला तर कारण आम्ल. पीएलजीए आतून तुटतं, आम्ल सूक्ष्म छिद्रांत कोंडतं आणि तिथला पीएच ३ च्या खालीही जातो, बाहेरचं माध्यम ७.४ असलं तरी. बीएसए त्यात उलगडतं, गुठळ्या होतात, काही तुटतंही. डीटीटीवाला वाटा मोठा निघाला तर आम्ल नव्हे, ओलाव्यात तटस्थ पीएचला थायॉलची (प्रोटीनमधल्या गंधकाच्या गटांची) अदलाबदल झालीय आणि त्याचा उपाय वेगळा.

हरिपूर_रोड, सांगली

केलं. मूळ लोडिंगच्या टक्क्यांत: पीबीएसमध्ये ४०, युरियात २२, डीटीटीत ५. बाहेर आलेलं ३१ धरून ९८. हिशेब जुळला!

माझ्याकडं ५०३ एच आता १.२ ग्रॅमच उरलंय, ५०२ एच अर्धा ग्रॅम. पुढं काय?

अजिंक्यतारा, सातारा

९८ म्हणजे सुंदर हिशेब. प्रबंधात हा तक्ता नक्की द्या, परीक्षक रिलीजच्या आलेखाइतकाच तो वाचतील.

२२ टक्के आम्लाचे. त्याला मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड, पॉलिमरच्या ३ टक्के म्हणजे २०० मिग्रॅला ६ मिग्रॅ. ते पाण्यातही विरघळत नाही, डीसीएममध्येही नाही. पॉलिमर डीसीएममध्ये विरघळल्यावर पावडर त्यात टाका, बाथ सोनिकेटरमध्ये ५ मिनिटं, आणि खाली बसायच्या आत आतलं पाणी घालून प्रोबने इमल्शन करा. पावडर खलून घ्या, कण १-२ मायक्रॉनचे हवेत. जाड असले तर काही मायक्रोस्फिअरमध्ये भरपूर, काहींत शून्य. तयार झालेलं आम्ल ते जागच्या जागी मारतं. तोटेही आहेत: पाणी जास्त ओढलं जातं म्हणून बर्स्ट २-४ टक्के वाढला तर घाबरू नका, आणि आम्ल कमी झाल्यामुळं पॉलिमरचं तुटणं मंदावतं.

४० टक्के जे चांगलं असून थांबलंय, ते ५०३ एच तुटायला वेळ घेतं म्हणून. तिथं ५०३ एच आणि ५०२ एच निम्मंनिम्मं घेऊन बघा, एकूण २०० मिग्रॅच. छोट्या साखळ्या आधी तुटतात, छिद्रं लवकर उघडतात.

कुपवाड_पॉलिमर

एक सावधगिरी. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडच्या संपृक्त पाण्याचा पीएच १० च्या आसपास असतो. बीएसए ते सोसतं. पुढं खरं औषधी प्रोटीन घ्याल तेव्हा ज्यात अॅस्पॅरजिन (एक अमिनो आम्ल) सहज डीअमिडेट होतं, म्हणजे रासायनिकरीत्या बदलतं, त्याला हे चालणार नाही. तिथं झिंक कार्बोनेट सौम्य पडतं. मानवी वाढीच्या हार्मोनचं न्यूट्रोपिन डेपो, १९९९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं, त्यात प्रोटीन आधी झिंकबरोबर बांधून, पाणी-तेलाची सीमा टाळून, अतिथंड फवाऱ्याने कण केले होते. २००४ मध्ये ते बाजारातून गेलं. ल्युप्रॉनसारखी छोट्या पेप्टाइडची पीएलजीए इंजेक्शनं १९८९ पासून टिकून आहेत. पेप्टाइडला गमावण्यासारखी घडी फारशी नसते, प्रोटीनचं सगळं काम घडीवर चालतं. म्हणूनच तुमच्या ९८ टक्क्यांचा आकडा प्रमाण सांगतो, घडी शाबूत आहे हे सांगत नाही. बाहेर आलेल्या बीएसएचं सीडी स्पेक्ट्रम (घडी दाखवणारं) किंवा निदान एसईसी (रेणू आकाराने वेगळे करणारं) करा.

आणखी एक: बीएसए स्वतःच सीमेवर पसरून पहिलं इमल्शन सावरून धरतं. लायसोझाइम किंवा इन्सुलिन तसं करेलच असं नाही आणि लायसोझाइमवर ७.४ ला धन भार असल्याने ते एच मालिकेच्या आम्ल टोकांना चिकटतं. ही कृती तशीच उचलून त्यांना लावू नका. कोऱ्या, म्हणजे प्रोटीन नसलेल्या कणांत प्रोटीनचं द्रावण एक दिवस ठेवून किती चिकटतं ते आधी बघा.

पॉलिमरची वाटणी अशी करा. बॅच २०० मिग्रॅखाली नेऊ नका, १ मिलीपेक्षा कमी द्रवात प्रोब फेसच करते. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडची बॅच दोनदा, त्यात ४०० मिग्रॅ. तिचे कोरे कण एकदा, तेही मॅग्नेशियमसकट, २०० मिग्रॅ. निम्म्या-निम्म्या पॉलिमरची बॅच दोनदा आणि तिचे कोरे एकदा, त्यात ५०३ एच ३०० मिग्रॅ आणि ५०२ एचही ३००. ५०३ एचचे ९०० मिग्रॅ संपले, ३०० हाताशी उरले. कोरे कण सगळ्यात आधी करा. नव्या पावडरीने इमल्शन फुटत असेल तर ते प्रोटीन न घालवता कळेल.